दादाभाई नेमके कुणाचे खासदार होते?

स्पर्धा परीक्षांच्या गाइडमध्ये एक प्रश्न ठरलेला असतो. ब्रिटिश संसदेत निवडून गेलेले पहिले भारतीय कोण? चार पर्यायांत दादाभाई नौरोजींचं नाव दिसतं, गोल काळा होतो, गुण पदरात पडतो. ते निवडून कुठून गेले, हे कुणी विचारत नाही. विचारलंच तर ‘लंडनहून’ एवढ्यावर भागतं.

त्या मतदारसंघाचं नाव सेंट्रल फिन्सबरी. १८८५ साली तो नकाशावर आला आणि १९१८ साली पुसला गेला. उणीपुरी तेहतीस वर्षं. त्यातली जेमतेम तीन वर्षं दादाभाई तिथले खासदार होते. आपण त्यांच्या विजयाचा जो अर्थ लावत आलो आहोत, तो या मतदारसंघाकडे न बघता लावलाय आणि म्हणूनच चुकलाय, असं माझं मत आहे. चूक इतिहासापुरती असती तर सोडून दिली असती. पण परदेशात कुणी भारतीय आडनावाचा माणूस निवडून आला की आपल्याकडे जे पेढे वाटले जातात, त्यांचंही मूळ याच चुकीत आहे.

‘पहिले भारतीय’ हे उत्तरही तसं निर्वेध नाही. उत्तर भारतातल्या सरधना जहागिरीच्या बेगम समरूचा वारस डेव्हिड ऑक्टरलोनी डाइस सोंब्रे १८४१ मध्ये सडबरी इथून निवडून आला होता, आणि त्याच्या अंगात भारतीय रक्त होतं. पण त्या निवडणुकीत मतं विकत घेतल्याचं उघड झालं, पुढच्याच वर्षी ती रद्द झाली. १८४४ मध्ये तर संसदेनं अख्ख्या सडबरीचा प्रतिनिधी पाठवण्याचा हक्कच काढून घेतला. पैसे वाटणाऱ्याबरोबर घेणाऱ्यांनाही शिक्षा. ही पद्धत आपल्याकडे आणली तर किती मतदारसंघ शिल्लक राहतील, याचा हिशेब न केलेला बरा.

तर फिन्सबरी. हे नाव संसदेत आलं १८३२ च्या सुधारणा कायद्यानं. जुन्या लंडन शहराच्या तटाबाहेर उत्तरेला पसरलेली मोठी वस्ती आणि तिला मिळून दोन खासदार. वस्ती पहिल्यापासूनच जहाल. ‘लॅन्सेट’ हे वैद्यकीय साप्ताहिक काढणारा डॉक्टर टॉमस वेकली इथलाच खासदार. त्याचा जोडीदार टॉमस डंकम. १८४२ मध्ये चार्टिस्टांचा, म्हणजे मताधिकारासाठी लढणाऱ्या कामगार चळवळीचा, अर्ज सभागृहात मांडला तो या डंकमनं. तीस लाखांहून जास्त सह्यांचं ते भेंडोळं दारातून आत जाईना, शेवटी सुटं करून न्यावं लागलं. प्रत्येक सज्ञान पुरुषाला मत, गुप्त मतदान, खासदारांना पगार, अशा त्यातल्या मागण्या. सभागृहानं तो अर्ज फेटाळला, पण फिन्सबरीच्या लोकांनी कोणाला कशासाठी पाठवलं होतं ते त्यातून दिसतं.

मग १८८४-८५ साली मोठी उलथापालथ झाली. लिबरल पंतप्रधान ग्लॅडस्टन यांना मताधिकार वाढवायचा होता. लॉर्ड्सचं वरिष्ठ सभागृह हुजूर (कॉन्झर्व्हेटिव्ह) पक्षाच्या हातात, आणि त्या पक्षाचे पुढारी लॉर्ड सॅलिसबरी. ते अडून बसले की आधी मतदारसंघांची नवी आखणी दाखवा, मग मताधिकाराचं बघू. शेवटी लंडनमधल्या अर्लिंग्टन स्ट्रीटवर, सॅलिसबरींच्याच घरी, दोन्ही बाजूंची बोलणी झाली आणि देशाचा नकाशा नव्यानं कापायचं ठरलं. दोन-दोन खासदारांचे जुने मोठे मतदारसंघ बहुतेक ठिकाणी मोडायचे आणि एका खासदाराचे लहान तुकडे पाडायचे. सॅलिसबरींचा हिशेब सरळ होता. मोठ्या शहरात कामगारांच्या गर्दीत सुखवस्तू लोकांची मतं बुडून जातात. त्यांच्या वस्त्या वेगळ्या काढल्या तर तिथून आपली माणसं येतील. हिशेब बऱ्याच ठिकाणी बरोबरही ठरला.

त्या कापाकापीत जुन्या फिन्सबरीचे तुकडे झाले. इझलिंग्टन वेगळं निघालं, होबर्न वेगळं, ईस्ट फिन्सबरी वेगळं, आणि मधोमध उरलं क्लर्कनवेल. त्याचं नाव ठेवलं सेंट्रल फिन्सबरी. म्हणजे या मतदारसंघाची रेघ ज्यांनी आखून घेतली त्यात सॅलिसबरी स्वतः होते. हे लक्षात असू द्या, पुढे लागणार आहे.

क्लर्कनवेल म्हणजे घड्याळांचा मोहल्ला. घड्याळजी, सोनार, नक्षीकाम करणारे, छापखानेवाले, सूक्ष्म यंत्रं बनवणारे. कामाची वाटणी इतकी बारीक की एकजण आयुष्यभर फक्त चाकं कातायचा, दुसरा तबकड्या रंगवायचा, तिसरा काटे घासायचा. दादाभाई तिथे पोचले त्या काळात स्विस आणि अमेरिकन स्वस्त घड्याळांनी या धंद्याचं कंबरडं मोडायला घेतलं होतं. आयात मालानं हातचं काम जाणं म्हणजे काय, हे इथल्या कारागिराला कुणी समजावून सांगायची गरज नव्हती. क्लर्कनवेल ग्रीन नावाचा चौक सभांसाठी प्रसिद्ध. १३ नोव्हेंबर १८८७ च्या रविवारी ट्रफाल्गर चौकात पोलिसांनी आणि लष्करानं निदर्शकांना झोडपलं, त्या दिवशीचा एक मोठा मोर्चा निघाला होता याच ग्रीनवरून.

इथला पहिला खासदार हॉवर्ड स्पेन्सली. हा लिबरल गृहस्थ मूळचा ऑस्ट्रेलियाच्या राजकारणातला, व्हिक्टोरिया वसाहतीत सॉलिसिटर जनरल राहिलेला. म्हणजे दादाभाईंच्या आधी सात वर्षं या मतदारसंघानं वसाहतीतून आलेला माणूस निवडून दिला होता, आणि त्याबद्दल कुणी भुवई वर केली नव्हती. पुढच्याच वर्षी, १८८६ मध्ये, हुजूर पक्षाचे कॅप्टन पेंटन आले. क्लर्कनवेलच्या वरच्या अंगाला जे पेंटनव्हिल आहे, ती जमीन याच घराण्याची. मतदार भाडेकरू आणि उमेदवार जमीनदार, असा मामला.

दादाभाई त्याच १८८६ मध्ये शेजारच्या होबर्नमधून उभे होते. मते १,९५०. जिंकणारे कर्नल डंकन, मते ३,६५१. सतराशेचा खड्डा. जुनं फिन्सबरी एकसंध असतं तर होबर्न आणि क्लर्कनवेल एकाच पेटीत पडले असते. रेघ मधून गेली म्हणून एका तुकड्यात दादाभाई सपाटून हरले आणि सहा वर्षांनी दुसऱ्या तुकड्यात जिंकले. माणूस तोच, रंग तोच, आडनाव तेच.

१८८८ च्या नोव्हेंबरात होबर्नची पोटनिवडणूक झाली. सॅलिसबरी आता पंतप्रधान होते. एडिंबराच्या सभेत ते म्हणाले की मागच्या वेळी कर्नल डंकन यांच्यासमोर एक काळा माणूस उभा होता. मानवजातीनं कितीही प्रगती केली असली तरी एखादा ब्रिटिश मतदारसंघ काळ्या माणसाला निवडून देईल, इथपर्यंत आपण पोचलोय असं मला वाटत नाही. या एका वाक्यानं जे झालं ते दादाभाईंना वीस वर्षांच्या व्याख्यानांनी साधलं नव्हतं. देशभर त्यांचं नाव झालं. नॅशनल लिबरल क्लबानं त्यांच्यासाठी मेजवानी दिली. लिबरल लोकांत थट्टा सुरू झाली की सॅलिसबरी आणि दादाभाई शेजारी उभे केले तर काळे सॅलिसबरीच दिसतील.

ही थट्टा आपल्या पुस्तकांत कौतुकानं सांगितली जाते. मला ती कधीच आवडली नाही. तिच्यात सॅलिसबरींचं तत्त्व मान्य आहे, फक्त रंगाच्या मोजमापात चूक काढलीय. ‘काळ्याला का पाठवू नये?’ असं विचारण्याऐवजी ‘अहो, हा काळा नाहीच’ असं सांगणं म्हणजे प्रश्न टाळणं. दादाभाई गोरेगोमटे पारशी नसते, एखादा सावळा मद्रासी किंवा आपल्या कोकणातला कुणी असता, तर त्याच लिबरल लोकांनी काय केलं असतं?

हा प्रश्न हवेतला नाही, कारण स्वपक्षाच्या लोकांनीच दादाभाईंना सर्वांत जास्त छळलं. १८८८ मध्ये सेंट्रल फिन्सबरीच्या लिबरल संघटनेत उमेदवार निवडायचा होता. दादाभाई थोडक्यात वरचढ ठरले, तर रिचर्ड ईव्ह यांच्या गटानं निकाल मानायचं नाकारलं. भांडण वर्षानुवर्षं चाललं. पुढे एका गटानं फोर्ड नावाच्या दुसऱ्याच माणसाला उमेदवार म्हणून उभं केलं. पक्षाचे वरचे लोक दादाभाईंनाच सांगत होते की तुम्ही बाजूला व्हा. साठी ओलांडलेला हा माणूस हलला नाही. निवडणूक तोंडावर आली तेव्हा कुठे फोर्ड मागे हटले. महापालिकेच्या तिकीट वाटपाच्या रात्री आपल्याकडे जे दिसतं, त्याहून हे फारसं वेगळं नाही. सभ्य इंग्रजीत चाललं होतं, एवढंच.

आणि मग १८९२ चा जुलै. नौरोजी २,९६१. पेंटन २,९५६. फरक पाच मतांचा. ‘नौरोजी’ हे नाव जिभेवर न बसणाऱ्यांनी त्यांचं ‘नॅरो-मेजॉरिटी’ केलं, म्हणजे निसटतं बहुमत.

पाच मतं हा आकडा आपण नशिबाचा म्हणून सांगतो. मला त्यात यादी दिसते. त्या काळी पुरुषांतही दहातल्या सुमारे चौघांना मत नव्हतं, बायकांना तर नव्हतंच. घरमालक किंवा भाडेकरू म्हणून एकाच जागी बारा महिने राहिलेला आणि पट्टी भरलेला माणूस मतदार होई. एखाद्याच्या घरात खोली घेऊन राहणारा असेल तर खोलीचं वर्षाचं भाडं दहा पौंडांच्या खाली चालत नसे, आणि त्याला दरवर्षी नव्यानं अर्ज करावा लागे. काम बदललं म्हणून गल्ली बदलली की अनेकदा मत गेलं. गरिबीपायी सरकारी मदत घेतली तरी मत गेलं. दरवर्षी याद्या तपासायला एक वकील बसे आणि त्याच्यासमोर दोन्ही पक्षांचे एजंट एकेका नावावर भांडत. हा अमुक त्या घरात राहतच नाही, हा तमुक दोन महिने उशिरा आला. खरी निवडणूक तिथे होत असे. मतदानाचा दिवस त्या भांडणाची नुसती बेरीज. मतदार यादीवरून महाराष्ट्रात अलीकडे जो धुरळा उडाला, तो बघताना मला क्लर्कनवेलचे ते एजंट आठवत होते. मागच्या खेपेला माझं नाव दुसऱ्याच केंद्रावर निघालं आणि ते शोधण्यात माझी अर्धी सकाळ गेली, म्हणूनही असेल.

डोळ्यांसमोर आणा. भिंग डोळ्यावरून कपाळावर सरकवून एक घड्याळजी दुपारच्या सुट्टीत मतदान केंद्रात शिरतो. कागदावर दोनच नावं. वर्णानुक्रमानं नौरोजी वर, पेंटन खाली. एक त्याच्या मालकाच्या जातकुळीचं, दुसरं धड वाचताही न येणारं. तो पेन्सिलीनं फुली मारतो. त्याच्या मनात भारत असतो का? मला नाही वाटत. त्याच्या मनात आठ तासांचा कामाचा दिवस असतो, जमिनीच्या भाड्यावर कर बसवायचा मुद्दा असतो, आयर्लंडच्या स्वराज्याचा वाद असतो, लंडनच्या कारभाराचा वाद असतो. दादाभाईंनी प्रचारात बोलून दाखवलेले मुद्दे हेच होते. सॅलिसबरींच्या त्या वाक्याचा राग आलेले काही असतीलही. पण हरवायचं कुणाला, हे त्या घड्याळजीला दादाभाईंच्या आधीपासून ठाऊक होतं.

या मतदारसंघाचे निकाल ओळीनं लावून बघा. १८८५ लिबरल. १८८६ हुजूर. १८९२ लिबरल. १८९५ हुजूर. १९०० हुजूर. १९०६ लिबरल. त्या वीस वर्षांत देशात ज्या बाजूचं सरकार आलं, त्या बाजूलाच दर वेळी सेंट्रल फिन्सबरी झुकलेली दिसते. घड्याळं करणाऱ्यांचा मतदारसंघ होता, लंबक त्यांना सांगायला नको. १८९२ मध्ये लंबक लिबरल बाजूला आला, त्याबरोबर दादाभाई आले. १८९५ मध्ये तो परतला. या वेळी दादाभाई ८०० हून जास्त मतांनी पडले आणि मॅसी-मेनवेअरिंग नावाचे हुजूर गृहस्थ निवडून आले. दादाभाईंच्या जागी स्कॉटलंडचा एखादा वकील लिबरल उमेदवार असता, तरी चित्र फार वेगळं झालं नसतं असं म्हणायला जागा आहे. फार तर ती पाच मतं पन्नास झाली असती, किंवा उलट्या बाजूला गेली असती.

आपण मात्र दोनच गोष्टी सांगतो. पहिली, इंग्रज मनाचा मोठा, म्हणून त्यानं भारतीयाला निवडून दिलं. दुसरी, भारतीय बुद्धीनं मोठा, म्हणून त्यानं इंग्रजाला जिंकलं. दोन्ही गोष्टींत क्लर्कनवेलचा तो मतदार गायब आहे. मला वाटतं त्या मतदारानं केलं ते या दोन्हींपेक्षा साधं होतं, आणि म्हणूनच मोठं. त्यानं एका परक्या माणसाला आपल्या पक्षाच्या इतर उमेदवारांइतकंच मोजलं. जिंकताना तितकंच आणि पाडतानाही तितकंच.

यावर कुणी म्हणेल, पण दादाभाई स्वतः तर भारताचे प्रतिनिधी म्हणूनच बोलत होते ना? होते. निवडून आल्यावर ९ ऑगस्ट १८९२ च्या पहिल्याच भाषणात, मला पाठवून सेंट्रल फिन्सबरीनं कोट्यवधी भारतीयांची कायमची कृतज्ञता मिळवलीय, अशा अर्थाचं ते बोलले. पारशी धर्मग्रंथावर हात ठेवून त्यांनी शपथ घेतली होती. प्रचाराला भारतातून पैसा गेला होता, बडोद्याच्या सयाजीराव गायकवाडांनीही मदत केली होती. १८९३ च्या अखेरीला लाहोर काँग्रेसच्या अध्यक्षपदासाठी ते मुंबईत उतरले तेव्हा रस्त्यांवर पाय ठेवायला जागा नव्हती.

पण त्यामागचं कारण बघा. पंचवीस-तीस कोटींच्या देशाला त्या सभागृहात एकही मत नव्हतं आणि त्यांच्यावरचे कर, त्यांचे कायदे, त्यांची सैन्यं तिथून ठरत होती. ज्याला स्वतःचा प्रतिनिधी नाही तो दुसऱ्याच्या प्रतिनिधीचा खांदा मागतो. दादाभाईंनी क्लर्कनवेलकडून तो खांदा उसना घेतला. त्याची किंमत काय मिळाली? २ जून १८९३ रोजी लिबरल खासदार हर्बर्ट पॉल यांनी ठराव मांडला की सनदी सेवेच्या परीक्षा इंग्लंडबरोबर भारतातही एकाच वेळी व्हाव्यात. ८४ विरुद्ध ७६ मतांनी तो मंजूर झाला, आणि भारत सरकारनं तो गुंडाळून ठेवला. पुढे भारताच्या खर्चाची चौकशी करायला वेल्बी आयोग नेमला गेला. दादाभाई त्याचे सदस्य होते. १८९७ मध्ये तरुण गोपाळ कृष्ण गोखले पुण्याहून लंडनला गेले ते त्याच आयोगापुढे साक्ष द्यायला. महाराष्ट्राच्या वाट्याला सेंट्रल फिन्सबरीचं जे देणं आलं त्यातलं सर्वांत टिकाऊ हे, असं मी मानतो. गोखल्यांना ब्रिटिश राज्याच्या हिशेबाच्या वह्या समोर ठेवून उलटतपासणीला उभं राहायची सवय तिथे लागली.

ही उसनवारी होती आणि दादाभाईंना ती उसनवारी म्हणूनच करावी लागली. आपण तिला नियम समजून बसलो. आपल्या रक्ताचा माणूस परक्या संसदेत गेला की तो आपला प्रतिनिधी, हा तो समज.

हा समज किती पोकळ आहे ते कळायला क्लर्कनवेलपासून फार लांब जायला नको. ज्या १८९५ च्या निवडणुकीत दादाभाई पडले, त्याच निवडणुकीत लंडनच्या ईस्ट एंडमध्ये बेथनल ग्रीन नॉर्थ-ईस्ट मतदारसंघातून मंचेरजी भावनगरी निवडून आले. मुंबईचेच, पारशीच. पण हुजूर पक्षाचे, साम्राज्याचे कट्टर समर्थक आणि दादाभाईंच्या राजकारणाचे विरोधक. भारतातल्या राष्ट्रवाद्यांनी त्यांच्या नावाचं ‘बाउ-अँड-अग्री’ केलं, म्हणजे वाका आणि हो म्हणा. रक्ताचा सिद्धांत खरा असता तर भारताला आनंद दुप्पट व्हायला हवा होता. एक गेला, दुसरा आला. तसं झालं नाही, कारण तेव्हाच्या लोकांना निदान एवढं कळत होतं की प्रतिनिधी विचारांचा असतो. भावनगरींवर मात्र थोडा अन्याय झालाय असं मला वाटतं. दक्षिण आफ्रिकेतल्या भारतीयांसाठी त्यांनी सभागृहात चिकाटीनं प्रश्न लावून धरले, आणि गांधींनी त्याची जाण ठेवली. दहा वर्षांहून जास्त काळ ती जागा त्यांनी राखली, म्हणजे मतदारांशी त्यांचं बरं जमत असणार.

भावनगरींनी ज्यांना पाडलं ते जॉर्ज हॉवेल कामगार चळवळीतले जुने नेते, लिबरल बाकांवरचे. हरल्यावर त्यांनी कडवटपणे लिहिलं की दहा वर्षं संसदेत राबलो आणि एका काळ्या माणसानं, भारतातून आलेल्या परक्यानं मला बाहेर काढलं. पुरोगामी कामगार पुढाऱ्याच्या तोंडी सॅलिसबरींचाच शब्द. आणि ज्या पक्षाच्या पंतप्रधानानं तो शब्द वापरला होता, त्याच पक्षानं आता त्या ‘काळ्या’ला तिकीट दिलं होतं. पक्षाला जागा हवी असली की रंग दिसत नाही, आणि जागा गेली की लख्ख दिसतो.

तिसरे शापुरजी सकलातवाला. पुन्हा मुंबईचे पारशी, जमशेटजी टाटांचे भाचे, आणि कम्युनिस्ट! १९२२ मध्ये आणि पुन्हा १९२४ मध्ये बॅटरसी नॉर्थच्या कामगारांनी त्यांना निवडून दिलं. १९२६ मध्ये हाइड पार्कमधल्या भाषणाबद्दल दोन महिने तुरुंगात जाऊन आले. १९२७ मध्ये भारतात आले तेव्हा गांधींनाच उघड पत्रं लिहून वाद घातला. एका शहरातले, एका लहानशा समाजातले तीन माणसं, तीन वेगळ्या मतांची, लंडनच्या तीन गरीब वस्त्यांतून निवडून गेली. तिन्ही मतदारसंघ आज अस्तित्वात नाहीत. या तिघांना एका माळेत ओवणारा धागा फक्त आपल्या डोळ्यांत आहे. त्यांच्या मतदारांच्या डोळ्यांत तो नव्हता.

२०२२ च्या दिवाळीच्या दिवशी ऋषी सुनक यांची हुजूर पक्षाच्या नेतेपदी निवड झाली तेव्हा आमच्या सोसायटीच्या ग्रुपवर फटाक्यांच्या चित्रांखाली ‘आपण त्यांच्यावर राज्य करणार’ असे निरोप फिरत होते. सुनक जन्मले साउदॅम्प्टनला, आईवडील आले पूर्व आफ्रिकेतून, मतदार यॉर्कशरच्या रिचमंडचे. तिथल्या मेंढपाळ शेतकऱ्यानं आमच्या सोसायटीचा काय गुन्हा केला होता की त्याच्या खासदाराचं श्रेय आम्ही परस्पर उचलावं? तो रिचमंड (यॉर्कशर) मतदारसंघही २०२४ च्या फेररचनेत नाव बदलून गेला. आयर्लंडचे लिओ वराडकर यांच्या बाबतीत तर आपण मराठी माणसं जास्तच हळवे झालो. वडील मालवण तालुक्यातल्या वराडचे, मुलगा तेव्हा आयर्लंडचा पंतप्रधान. २०१९ च्या अखेरीला ते गावी येऊन गेले. गावानं त्यांचं स्वागत केलं ते योग्यच, घरचं माणूस घरी आलं होतं. पण टीव्हीवर ‘मराठी पंतप्रधान’ म्हणून जे चाललं त्यात डब्लिन वेस्टच्या मतदाराचा उल्लेखही नव्हता.

यात नुकसान काय, अभिमानच तर आहे, असं म्हणता येईल. नुकसान त्या माणसांचं होतं. त्यांचे तिथले विरोधक हेच तर म्हणत असतात की हा इथला नाही, याची निष्ठा दुसरीकडे आहे. सॅलिसबरी आणि हॉवेल जे बोलले त्याला आपण पेढे वाटून पुरावा देतो. आणि नुकसान आपलंही होतं. दुसऱ्याच्या गावच्या प्रतिनिधीला रक्तावरून आपला म्हणायची सवय लागली की आपल्या गावात उभ्या असलेल्याला रक्तावरून परका ठरवायला वेळ लागत नाही. मुंबईच्या निवडणुकांत ‘आपला’ आणि ‘उपरा’ हे शब्द कसे फिरतात ते सांगायला नको. क्लर्कनवेलच्या घड्याळजीला ‘उपरा’ हा शब्द माहीत असता तर दादाभाईंना पाच सोडा, पाचशे मतंही पडली नसती.

१९१७ च्या मे महिन्यात ब्रिटिश संसदेत लोकप्रतिनिधित्वाचं नवं विधेयक आलं. सर्व सज्ञान पुरुषांना मत, तीस वर्षांवरच्या बऱ्याच स्त्रियांना मत, आणि देशभरच्या मतदारसंघांची पुन्हा नव्यानं आखणी. चार्टिस्टांच्या भेंडोळ्यातल्या पहिल्याच मागणीला पंच्याहत्तर वर्षं लागली. १९ जूनला स्त्रियांच्या मताधिकाराचं कलम ३८५ विरुद्ध ५५ मतांनी मंजूर झालं. दादाभाई स्त्रियांच्या मताच्या बाजूनं उघडपणे उभे राहिलेले होते. भारतात परतल्यावर ते वर्सोव्याला राहत. त्या मतदानानंतर अकरा दिवसांनी, ३० जून १९१७ रोजी, मुंबईत त्यांचं निधन झालं. वय ९१. पुढच्या फेब्रुवारीत विधेयकाचा कायदा झाला, आणि त्याच्या परिशिष्टातल्या नव्या यादीत सेंट्रल फिन्सबरी हे नाव नव्हतं.